राखेचा डबा आणि पाण्याची बादली

पाहुण्याच्या जेवणापेक्षा त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळची जास्त काळजी करणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच होता, तो म्हणजे सेलूचे आमचे मावसाजी. सत्तरच्या दशकात लोक हौसेनं रेडिओ दाखवत, मावसाजी परसातला आपला दोन खड्ड्यांचा संडास दाखवत. एक खड्डा चालू, दुसरा वर्षभर झाकलेला. पाण्याऐवजी वरून राख टाकायची. पाहुणा तिकडे निघाला की हे दारापर्यंत मागोमाग जात आणि बाहेरून सांगत, "राख टाकल्याबिगर येजो नको बरं." आत प्रसंग कितीही अवघड असो, 'हो' म्हणावंच लागे.

झाकलेला खड्डा उघडायचा दिवस म्हणजे त्यांचा सण. काळंभोर, भुसभुशीत सोनखत ओंजळीत घेऊन ते येईल त्याच्या नाकाशी नेत. पुलगावच्या एका कारकुनानं ते हुंगून "जंगलातली माती दिसते, छान आहे" अशी दाद दिली. मावसाजींनी अभिमानानं खरं काय ते सांगितलं. कारकुनाचा चहा तसाच राहिला आणि तो मावसाजींनीच पिऊन टाकला, कारण वाया घालवणं त्यांना जमतच नसे.

फ्लशचं नाव काढलं की म्हणत, "विहिरीतून पाणी शेंदाचं, अन् साखळी ओढून सोडून द्याचं. काऊन? तर नजरेआड व्हावं म्हनून." म्हणणं खोटं नव्हतं. मे महिन्यात सेलूची विहीर तळाला जाई. पण राख चाळायची मावशीनं, पावसाळ्यात ती कोरडी ठेवायची मावशीनं. राख ओली झाली की वास आणि माश्या असत, त्याबद्दल मावसाजी बोलत नसत. पुढे घरात गॅस आला आणि राखेचाच दुष्काळ पडला. मग ते डबा घेऊन गल्लीतल्या चुली धुंडाळू लागले. मला त्या डब्याची फार लाज वाटायची.

मग मावशीचे गुडघे गेले. एका श्रावणात ती परसातल्या चिखलात पडली. "मले आता तिथवर जानं होत नाई," एवढंच ती म्हणाली. दिवाळीच्या आत मावसाजींनी न्हाणीजवळ फ्लशचा संडास उभा केला. जन्मभर ज्याला नावं ठेवली, त्याची फरशी त्यांनी गवंड्यापाशी बसून समपातळीत लावून घेतली.

उन्हाळ्यात फ्लशची टाकी कोरडी पडली. सत्तरीचे मावसाजी विहिरीवरून बादल्या आणू लागले. स्वतः मात्र परसातच जात. मी तेव्हा तिथंच होतो. संध्याकाळी बादल्या भरलेल्याच दिसत आणि मावसाजी खूश होऊन म्हणत, "पाणी कमीच लागून राह्यलं." तिसऱ्या सकाळी मावशी काठी टेकत परसातून येताना त्यांना दिसली. हातात राखेचा डबा होता.

"तिकडं काऊन गेलतीस?"

"तुमी धापा टाकत बादल्या आनता. पाह्यवत नाई मले."

दुपारी मावसाजींनी परसाच्या वाटेवर विटा अंथरल्या आणि कडेनं बांबूचा कठडा बांधला. "माह्यासाठीच करून राह्यलो, माहा तोल जाते," असं मला बजावलं. त्या कठड्याला त्यांनी हात लावलेला मात्र मी कधी पाहिला नाही. फ्लशच्या खोलीत हळूहळू राखेची पोती आली.

मावशी गेल्यावर मी सेलूला गेलो. तिच्या हातानं बांबू गुळगुळीत झाला होता. सकाळी मावसाजी डबा घेऊन परसाकडे निघाले. चाल अजून ताठ होती, तोलही ठीक होता. तरी ते त्या बांबूवर हात ठेवून, मावशीच्या चालीनं, हळूहळू गेले.