जाहिरातीखालचा बारीक तीन

पेटीवाल्यांच्या नातीने आजोबांवर दोन पानं लिहून मागितली, तेव्हा मी नाहीच म्हणालो होतो. गावातल्या साप्ताहिकात मी बत्तीस वर्षं जुळारी होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं शिशाच्या खिळ्यांत जुळवायचं, एवढंच माझं काम. स्वतःचं म्हणून जे काही लिहिलं ते रजेचे अर्ज, आणि त्यातले निम्मे नामंजूर झाले.

"काका, कारखान्याला पंच्याहत्तर वर्षं होतायत. पुस्तिका काढतोय," ती म्हणाली. "आजोबांना ओळखणारं तुमच्याशिवाय उरलंय कोण?"

"ओळख कसली! ते पुढच्या दाराने यायचे, मी मागच्या खोलीत."

"मग जुने अंक बघा. ते तर तुमच्याच हातचे ना?"

जाता जाता ती दारात थांबली. "एक गोष्ट आहे. समारंभाला आत्याला बोलावलं होतं, आजोबांच्या धाकट्या भावाच्या मुलीला. ती म्हणते, ज्या माणसाने माझ्या बापाला अकरा आठवडे पेपरात बडवलं, त्याच्या कौतुकाला मी येणार नाही. खरं काय ते मला माहीत नाही. पण खोटं छापायचं नाही, आणि आत्या यावी असंही वाटतं. बघा काही सापडतंय का."

साप्ताहिकाचे अंक वाचनालयाच्या माळ्यावर आहेत, एका वर्षाचा एक गठ्ठा. ग्रंथपालबाईंनी खिडकीशी टेबल दिलं आणि बजावलं, "पानं कडेनं धरा, मधे धरलीत की पापड मोडल्यासारखी मोडतात."

पेटीवाले पहिल्यांदा सापडले ते दोन ओळींत: 'जुन्या ट्रंका दुरुस्त करून मिळतील. बिजागरी नवी, खात्री जुनी.' हे त्यांचं स्वतःचं वाक्य असणार, आमच्या संपादकांना एवढं सुचत नसे. दोन वर्षांनी ट्रंकेचं चित्र आलं. मग तिसऱ्या पानाचा उजवा खालचा कोपरा त्यांचा झाला तो कायमचाच. शाळेला चाळीस बाकं दिल्याची बातमी आहे. फोटोत मुख्याध्यापक मधोमध आणि हे कडेला, अर्धे कापलेले. नगरपालिकेच्या निवडणुकीत एक्केचाळीस मतांनी पडले. पुढच्या आठवड्यात जाहिरातीत एक ओळ वाढली: 'ज्यांनी मत दिले व ज्यांनी दिले नाही, दोघांनाही ट्रंका त्याच भावात.' ती ओळ मी जुळवली होती. जुळवताना हसू आल्याचं आठवतं.

आणि मग ती नोटीस. मी अठ्ठावीस वर्षांचा असतानाची.

'आमचे धाकटे बंधू आमच्या दुकानातून वेगळे झाले आहेत. त्यांच्याशी केलेल्या व्यवहारास आम्ही जबाबदार नाही.'

भांडण कशावरून, ते तेव्हा सगळ्या गावाला माहीत होतं. धाकट्याचं म्हणणं, ट्रंकांचे दिवस संपले, लोखंडी कपाटं करू. थोरल्याचं म्हणणं, माझ्या ट्रंकेला काय धाड भरली? पुढे थोरल्यानेच कपाटं केली आणि त्यांवरच श्रीमंत झाले, ती गोष्ट वेगळी.

मी आठवडे मोजले. खरोखर अकरा. आत्या खोटं बोलत नव्हती.

गठ्ठा मिटणार होतो, तेवढ्यात नोटिशीच्या शेवटी नजर गेली. तिथे अगदी बारीक आकडा होता: ३.

आमच्या छापखान्याची ही रीत होती. मजकूर किती वेळा छापायचा, तो आकडा जुळारी शेवटी बारीक टायपात बसवायचा. वाचकाला तो ठिपक्यासारखा दिसे, आम्हाला मात्र कळे. तेवढे आठवडे झाले की मजकूर सोडवायचा आणि खिळे आपापल्या खणांत टाकायचे. पेटीवाल्यांनी तीनदा सांगितलं होतं. अकरा वेळा छापलं ते मी.

कसं, तेही आठवलं. नोटीस त्यांच्या जाहिरातीखाली नेमकी बसत होती, म्हणून मी दोन्ही एकाच दोऱ्यात बांधली. जाहिरात कायमची. दर आठवड्याला मी तो जुडगा उचलून पानात ठेवत होतो. जे आपण रोज उचलतो ते आपण वाचत नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या पहिल्या पानावर बातमी आहे: 'ट्रंक कारखान्यात अपघात, मालकांची दोन बोटे गेली.' त्यांना मोठ्या शहरात इस्पितळात नेलं. परतल्याची बातमी अकराव्या अंकात आहे. बाराव्यात नोटीस नाही.

ती का नाही, हे अंकात लिहिलेलं नाही. ते मला माहीत आहे. हाताला पट्टी बांधलेले पेटीवाले छापखान्यात आले, नोटीस अजून कशी चालू म्हणून विचारलं. आमचे मालक खवळले, "कोणाचं काम हे? आजच्या आज घरी बसवतो!" मी टेबलाशी उभा, हातात तोच जुडगा. घरात मुलगी सहा महिन्यांची. पेटीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं.

"राहू द्या हो," ते म्हणाले. "तीनदा काय नि अकरादा काय, छापायला मीच सांगितलं."

माझी नोकरी वाचली. नोटिशीचं आणखी काही झालं असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर मी येऊ दिलं नाही.

पाचव्या दिवशी नातीला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने गाडीची किल्ली घेतली. ग्रंथपालबाईंच्या हातापाया पडून तो गठ्ठाही बरोबर घेतला.

आत्या दोन तासांवरच्या गावात राहते. एकाहत्तर वर्षांची, खुर्चीत ताठ. गठ्ठा बघताच म्हणाली, "हा का आणलात? मला पाठ आहे तो."

"शेवटचा आकडा पाठ नसेल," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. आकडा, दोरा, माझं गप्प राहणं.

तिने भिंग मागवलं. एकेक अंक उलटून अकराही ठिकाणचा तीन पाहिला. मधे एकदा भिंग पुसलं.

"अपघाताचं कळलं तेव्हा बाबांचा राग गेला होता," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी इस्पितळात जायला कपडे करून बसले होते. तेवढ्यात पेपर आला. हात यंत्रात गेला तरी नोटीस चालूच आहे, म्हणाले, आणि बूट काढून ठेवले. महिन्याभरात आम्ही गाव सोडलं."

"नंतर आजोबा आले नाहीत?" नातीने विचारलं.

"आले ना. इथे, या दारात. बाबांनी पेपर समोर धरला. हे तुम्ही छापलंत? काका म्हणाले, हो. बस, एवढंच. एक शब्द जास्त बोलले असते तर!"

"बोलले असते तर माझी नोकरी गेली असती," मी म्हणालो.

"तुमच्यासाठी गप्प बसले असं समजू नका हो," ती फटकन म्हणाली. "तीन आठवडे तर त्यांचेच होते. तेच त्यांच्या मनाला लागलं असणार."

मला वाटतं, तिचं बरोबर आहे. त्यांचं पूर्ण आयुष्य मी अंकांत वाचलं, पण त्यांचा स्वभाव तिने एका वाक्यात सांगितला.

निघताना मी हात जोडले. माफी मागायची होती, जमेना.

"लिहिणार ना हे?" तिने विचारलं. "तुमच्या नावासकट?"

"लिहितो."

"लिहा. आणि मोठ्या टायपात छापा, भिंग नको." मग नातीकडे वळून म्हणाली, "गाडी किती वाजता पाठवतेस? आणि मला मागच्या रांगेत बसवलंस तर उठून येईन, सांगून ठेवते."