शेकाचा सातवा दिवस

अंजनगावच्या खुशालरावांच्या पायांनी दगा दिला तेव्हा त्यांचं वय बत्तीस. साल एकोणीसशे चव्वेचाळीस, दिवस चैत्राचे. पानमळ्यातल्या गारव्यात हा माणूस तास-तास उभा राही. बाहेर उन्हात पन्नास पावलं टाकली, की पाय भरल्या पोत्यासारखे ओढावे लागत. आदल्या वर्षी डावा डोळा महिनाभर धूसर होऊन आपोआप नीट झाला होता. "बायको अर्धीच दिसे, तेवढाच आराम," असं ते चारचौघांत सांगत. दुर्गाबाई ऐकून घेत. तेव्हा थट्टा परवडत होती.

खुशालरावांचे वडील महादेवराव यांनी निदान उभ्या उभ्या केलं: मळ्याची ओल पायात चढली. पानमळेवाल्याला दुसरं होणार काय? मळ्यात जाणं बंद. अंगणात खड्डा, खड्ड्यात तापवलेली वाळू, वर एरंडाची पानं, आणि मुलगा कंबरेपर्यंत आत. रोज तासभर. बाहेर काढल्यावर पाय आणखी लुळे पडत, आणि महादेवराव समाधानानं म्हणत, "रोग बाहेर पडून राहिला."

सहा दिवसांत खुशालरावांना भिंत धरल्याशिवाय चालता येईना. सातव्या दिवशी छातीपर्यंत पुरायचं ठरलं. दुर्गाबाईंनी एक गोष्ट हेरली होती. पहाटे गार पाण्यानं आंघोळ झाली, की नवरा घडीभर भिंत सोडतो. सासऱ्यासमोर त्या कधी बोलत नसत. त्या सकाळी पदर सावरून म्हणाल्या, "मामाजी, आधी अमरावतीले दाखवू. मंग छातीपर्यंत काय, डोक्यापर्यंत पुरा."

अमरावतीच्या केशवराव डॉक्टरांनी खुशालरावांना आडवं केलं आणि किल्लीनं पायाचा तळवा खरवडला. अंगठा वर गेला.

"पाहा, जोर हाय," महादेवराव म्हणाले.

"अंगठा खाली जायला पाहिजे होता. हा उलटा चालला."

डॉक्टरांनी डोळ्याचं विचारलं, उन्हाचं विचारलं, खड्ड्याचं दोनदा विचारलं. मग कंपाउंडरला टबात सोसवेल इतकं गरम पाणी भरायला सांगितलं. महादेवरावांनी सुनेकडे पाहिलं. "शिकलेला माणूसबी शेवटी शेकावरच आला."

खुशालराव पाण्यात बसले. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "किती वाजले?"

"दहा वाजून पाच."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. खुशालरावांनी डोळे चोळले. "घड्याळ हाय. काटे कुठं गेले?"

"पाय उचला."

पाण्यात काहीच हललं नाही. "उचलून तं राहिलो," खुशालराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. दुर्गाबाईंनी टबाची कड घट्ट धरली. महादेवराव उठले, बसले, परत उठले. "काढा त्याले, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर आणि कंपाउंडर दोघांनी उचलून त्यांना ओल्या चादरीत गुंडाळलं. कंपाउंडर पंख्यानं वारा घालत होता. दुर्गाबाई नवऱ्याच्या पायाच्या बोटांकडे पाहत राहिल्या. वीस मिनिटं गेली. मग एक बोट हललं, मग दुसरं. बऱ्याच वेळानं खुशालराव घड्याळाकडे पाहून म्हणाले, "अकराले दहा कमी."

डॉक्टर महादेवरावांसमोर बसले. "मेंदूला पायांशी आणि डोळ्यांशी जोडणाऱ्या वाटा जागोजागी खराब झाल्या आहेत. ओलीचा संबंध नाही. उष्णतेनं त्या आणखी बंद पडतात. हे घरी पटलं नसतं, म्हणून इथं दाखवलं."

"औषध?"

"बरं करणारं नाही. दुखणं येईल, ओसरेल, परत येईल. दुखण्याचा जोर असेल तेव्हा विश्रांती. एरवी सकाळी गारव्यात काम करू द्या. मळा चालेल. खड्डा नको."

महादेवराव जमिनीकडे पाहत होते. "सहा दिवस शेकलं म्या त्याले. त्याचं किती कायमचं राहीन?"

"शेकाचा त्रास बहुतेक उतरेल. दुखण्याचं सांगता येत नाही."

परतीच्या मोटारीत महादेवरावांनी आपल्या पागोट्याचं कापड सुरईतल्या पाण्यानं भिजवून मुलाच्या डोक्यावर धरला. पाणी मानेवरून सदऱ्यात उतरलं.

"बाबा, बस झालं. थंडी वाजून राहिली."

"हलू नको," महादेवराव म्हणाले, आणि वाटेतल्या परतवाड्यापर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.