भिंतीकडचा चौकोन

मी चौकट रागाने फेकली आणि तिथेच माझं वर्ष वाया गेलं, असं मी बरेच दिवस मानत होते.

चौकट म्हणजे प्लास्टिकच्या नळ्या जोडून केलेला, मीटरभर बाजूचा चौकोन. वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला आमच्या मॅडमचा नियम होता. कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेकडे पाठ करून उभं राहायचं, चौकट खांद्यावरून मागे टाकायची, आणि ती पडेल तेवढी जमीन वर्षभर आपली. तिथे काय उगवतं, काय मरतं, ते बघायचं. पाणी घालायचं नाही, काही उपटायचं नाही आणि तुकडा बदलून मागायचा नाही. निवडायला दिलं की माणूस आपल्याला बरं दिसेल तेच निवडतो, म्हणून हे पाठमोरं फेकणं. शास्त्र म्हणून चोख आहे. पण त्या सकाळी मी अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी भांडून आले होते. माझी चौकट सुसाट गेली ती थेट कुंपणाच्या भिंतीपाशी, जिथे जुन्या बांधकामाचं डेब्रिज पडलं होतं.

माझ्यानंतर माझ्या मैत्रिणीने टाकली. ती वर्सोव्याची, घरी मासळीचा धंदा. तिच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाच्या वासाने बाकीच्या मुली लांब बसायच्या आणि मी नेमकी तिच्याजवळ. तिने चौकट अशी अलगद सोडली, की ती उंबराच्या सावलीच्या कडेला जाऊन पडली.

पावसाळ्यात तिच्या तुकड्यात काय नव्हतं? टाकळा, तेरडा, आघाडा, कुर्डू, भुईआवळी. माझ्याकडे एकदांडी. नुसती एकदांडी. घरी येऊन मी आईपाशी चरफडले, तर आई म्हणाली, "टाकळ्याचो अभ्यास कसलो करतत गो? आमी त्येची भाजी करतंव." वर हेही म्हणाली, की त्या पोरीला एकदा जेवायला घेऊन ये.

माझा जळफळाट उगाच नव्हता. मॅडमचं खाडीकाठच्या तिवरांवर मोठं काम सुरू होणार होतं आणि वर्षाच्या शेवटी आमच्यातल्या एकाच विद्यार्थ्याला त्या सोबत घेणार होत्या. मला ती जागा हवी होती. बारावीपासून मी जे काही ठरवलं होतं ते सगळं त्या एका जागेपाशी येऊन थांबत होतं. तिलाही हवी होती. हे आम्ही एकमेकींशी कधी बोललो नाही, पण एकाच डब्यात खाणाऱ्यांना एवढं कळतं.

जमिनीने दगा दिला म्हणून मी कागद धरले. मॅडम म्हणायच्या, प्रत्येक विधानाला आधार हवा, एक तर छापलेला संदर्भ नाहीतर स्वतः पाहिलेलं. मी पहिलं उचललं. एकदांडीवर जगात जे काही लिहिलं गेलं असेल ते मी वाचायला घेतलं. मूळ लेख मिळेपर्यंत सोडायचं नाही, कुणीतरी कुणाचं ऐकून लिहिलेलं घ्यायचं नाही, यात माझा हात कुणी धरला नसता. तिला मात्र दोन पानं वाचली की जांभई यायची. मला बरं वाटायचं. निदान इथे तरी मी पुढे होते.

दिवाळीनंतर कॉलेजात तपासणी समिती येणार असं कळलं. शाश्वत विकास, हरित परिसर वगैरेला गुण असतात. गुण मिळवायचे तर परिसर हिरवा दिसायला हवा, म्हणून कंत्राटदाराने मागच्या जागेतलं सगळं रान मुळापासून खणून काढलं आणि वर लॉनचे तयार तुकडे आणून अंथरले. पर्यावरणासाठी. मॅडम प्राचार्यांशी भांडून आल्या, पण तोवर काम उरकलं होतं. उंबराखालचा तिचा चौकोन गेला. भिंतीपाशी कुणी बघणार नव्हतं, म्हणून माझं डेब्रिज शाबूत राहिलं.

मला आनंद झाला. लपवून काय करू?

ती संध्याकाळी कँटीनमध्ये माझ्यासमोर बसली. डोळे सुजलेले होते.

"माझी वाट लागली यार," ती म्हणाली. "तुझ्या चौकोनात मला घे ना. दोघी मिळून करू. मॅडमना मी विचारते."

"नाही जमणार गं," मी म्हणाले. "दोघींचं एकत्र केलं तर कुणाचं निरीक्षण कुठलं, काय सांगणार?"

मुद्दा शास्त्राला धरून होता. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. तिने मान हलवली, चहा संपवला आणि ती गेली.

चार दिवसांनी ती लॉनच्या कडेला उकिडवी बसलेली दिसली. जुन्या जागेभोवती तिने सुतळी बांधली होती आणि आतलं तण काढू नये म्हणून माळीकाकांना मॅडमची चिठ्ठी दाखवली होती. लॉनच्या तुकड्यांच्या सांध्यांतून मोथा वर येत होता. मग हरळी आली, मग नायटीची रोपं. गालिच्याखाली काय जिवंत राहिलं आणि ते कुठल्या क्रमाने वर आलं, हे ती लिहीत गेली. आधीची नोंद होतीच. मोडण्याआधीचं आणि मोडल्यानंतरचं, दोन्ही तिच्याकडे होतं. आम्हा कुणाकडेच तसं काही नव्हतं. नशीब असावं तर असं, की उजाड झालं तरी कामाला यावं.

सादरीकरणाच्या दिवशी माझी संदर्भसूची बघून बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. मॅडमनी शांतपणे विचारलं, "यातलं तुझं काय?"

"निवड माझी," मी म्हणाले.

खाडीची जागा तिला मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन नेहमीसारखी माझ्या शेजारी येऊन बसली. बोंबलाची चटणी माझ्या भाकरीवर वाढत म्हणाली, "तू तेव्हा नाही म्हणालीस ते बरंच झालं ना. नाहीतर मी उरलेलं वर्ष तुझ्या भिंतीपाशीच बसले असते."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. कुठेतरी टोमणा असेल म्हणून शोधत होते. नव्हता. मला कुणी नाही म्हटलं तर मी ते जन्मभर जपून ठेवते. तिने ते कधीच सोडून दिलं होतं, आणि सोडल्याचं तिला कळलंही नव्हतं.

तोवर मी तिच्या उंबरावर जळले होते, टाकळ्यावर जळले होते, तिला मिळालेल्या जागेवर जळले होते. त्या दुपारी मी पहिल्यांदा तिच्यावर जळले, आणि ते अजून गेलेलं नाही.