सुदृढ बालक
पिकल्या केळ्यांचा वास आला की मला शहादा तालुक्यातल्या आमच्या गावचा तो मांडव आठवतो. सुदृढ बालक स्पर्धा होती, ऐनवेळी वजनकाटा बिघडला, म्हणून केळीचे घड तोलायचा काटा आणला आणि त्यावर माझ्या चार वर्षांच्या मुलीने सगळ्या गावाला मागे टाकलं. ती अजून उभी राहत नव्हती. तिची वाढ उशिरा होईल, हे डॉक्टरांनी जन्मतःच सांगितलं होतं. पण कुपोषणासाठी नाव निघणाऱ्या आमच्या जिल्ह्यात जाड मूल म्हणजे निरोगी मूल. "मन्ही नात आंगमा कशी भरेल शे!" सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, आणि निदान एका बाबतीत ती पुढे म्हणून मीही खूश होते. पाहुण्यांनी उद्याच्या बलवान पिढीवर भाषण सुरू केलं, तशी ती माझ्या मांडीवर घोरू लागली. त्यात तिची चूक नव्हती. मग घोरणं थांबलं. शेजारी बसलेल्या नर्सबाईंनी माझा दंड धरला, "ताई, तिन्हा दम थांबी गया! उठाड तिले!" तिचे ओठ निळसर पडले होते. मी तिला गदागदा हलवलं. अखेर तिने मोठ्याने श्वास ओढला आणि रडू लागली. टाळ्या वाजल्या, पण त्या भाषणाला होत्या. "रोज आसंच व्हस का?" नर्सबाईंनी विचारलं. वजनामुळे झोपेत तिचा श्वास अडत होता; उपचार झाले, वजन उतरलं, आज ती चालते. पण तो प्रश्न आठवला की अजून घाम फुटतो, कारण तो थांबलेला श्वास मी वर्षभर ऐकत होते आणि शेजारणींना कौतुकाने सांगत होते, पोर किती गाढ झोपते.