उलंगवाडीची गाडी

लग्न होऊन मी कोकणातून दिग्रसला आले, तेव्हा नुकतीच गोष्टी लिहायला लागले होते. न ऐकलेला शब्द कानावर पडला की तो कुठेतरी वापरावासा वाटे. इथे तर असे शब्द रोज भेटत.

एकदा पुसदहून एस.टी.नं येत होते. मागच्या बाकावरची बाई शेजारणीला म्हणाली, "औंदा उलंगवाडी लई लवकर आली वो."

काय सुंदर नाव! चिंचांच्या बनातलं गाव असणार, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं आणि कंडक्टरला विचारलं, "उलंगवाडीला कोणती गाडी जाते?"

"तिथं गाडी नाही जात, ताई," म्हणत तो हसायलाच लागला.

मागची बाई पुढे वाकली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. "गाव नोहे ते. कापूस सरला, वावरात ढोरं सोडली, का झाली उलंगवाडी. औंदा बोंडअळीनं होळीची वाटच नाही पाह्यली. पण तुमाले काहून पाह्यजे?"

"गोष्टीत घालायचाय तो शब्द."

"मंग पाहून तं घ्या!"

तिचं शेत दिग्रसच्या जवळच होतं. दुसऱ्या दिवशी गेले. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, काळपट झाडं उभी होती आणि त्यांत बकऱ्या मजेत चरत होत्या. एक बोंड तिनं फोडून दाखवलं. आत कापसाऐवजी घट्ट, पिवळी गाठ. ती गाठ माझ्या तळहातावर ठेवून बाई म्हणाली, "याले कवडी म्हंतो आमी. घ्या, अजून एक शब्द." तिचा आवाज मात्र उतरला होता. मग तिनं विचारलं, "तुमच्याकडचा एखांदा द्या ना." मी 'आगोट' दिला, पावसाआधी घरात करायची भरती. तिनं तो दोनदा म्हणून पाहिला.

कापूस बुडालेल्या एका बाईची ती गोष्ट दिवाळीत छापून आली. मी ती तिच्या ओसरीवर वाचून दाखवली. तिनं सगळी ऐकली.

"अन् मंग? थ्या बाईनं पुढं काय केलं?"

"तिथेच संपते गोष्ट."

"अशी कशी संपन? तिले पोट नाही का?" मग म्हणाली, "म्या तं हळद लावतो म्हंतो. मालक नाही म्हंते, पण विहिरीले पाणी हाय."

पुढच्या हंगामात तिनं खरंच अर्ध्या वावरात हळद लावली. काढणीला मला निरोप आला. मोठ्या कढईत हळद शिजत होती, वाफेनं डोळे चुरचुरत होते. तिचा नवरा जाळ सारत होता आणि ती ढिगातून एकेक कंद उचलून मला दाखवत होती.

"हा मधला जेठा गड्डा, हा बाजूचा बगल गड्डा. अन् हा..." ती थांबली, नवऱ्याकडे वळली. "याले काय म्हंतेत वो?"

त्यालाही ठाऊक नव्हतं. आम्ही तिघं तो कंद हातात फिरवत बसलो.