तिसरी तार

आमच्या शेजारच्या सिस्टरमावशींनी मला कधी 'कसा आहेस?' असं विचारल्याचं आठवत नाही. सकाळी आठच्या सुमाराला त्यांच्या गॅलरीतून एकच शब्द यायचा, "कितना?" मी आतून ओरडून सांगायचो, "बाईस सौ." मग "चलने दे" म्हणून त्या धुतलेले कपडे झटकायला लागायच्या. नव्या माणसाला वाटावं, यांचा कसला तरी सट्टा चालतो. खरं म्हणजे बाईस सौ हे माझ्या कॉम्प्युटरमधल्या पाण्याच्या पंपाचे मिनिटाचे फेरे होते.

मी इमारती बांधायच्या आधी त्यांची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करतो. इंदूरची नोकरी सोडून घरी बसलो तेव्हा बायकोने एक वर्षाची मुदत दिली होती. नाही जमलं तर पुन्हा नानाखेड्याच्या बसस्टँडवरून इंदूरची रोजची बस. एकेका चित्रासाठी कॉम्प्युटर दोन-दोन दिवस राबायचा आणि माळव्यातल्या मे महिन्यात तापून लाल व्हायचा. म्हणून त्याला पाण्याने थंड करायचं ठरवलं. नळ्यांतून पाणी फिरतं, पंप ते फिरवतो, एवढीच त्यातली गंमत. आता पंप म्हटलं की आम्हा उज्जैनवाल्यांना एकच पंप ठाऊक, तो म्हणजे कूलरचा. मीही मोठ्या हुशारीने तोच आणून बसवला. दहा दिवस चालला. अकराव्या दिवशी दुपारी मी जेवून आडवा झालो असताना तो गुपचूप थांबला, कॉम्प्युटर तापून बंद पडला आणि केलेलं काम गेलं. पाठोपाठ गिऱ्हाईकही गेलं.

बायकोने बसचं वेळापत्रक आणून फ्रिजवर चिकटवलं. ते वाचून सिस्टरमावशी माझ्या खोलीत आल्या. मावशींनी एका दवाखान्यात तीस वर्षं डायलिसिसच्या मशीन सांभाळल्या होत्या. नवरा लवकर गेला, मुलगी जबलपूरला. कॉलनीत त्यांचं खरं नाव निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. त्यांनी तो पंप हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि खाली ठेवला.

"गूंगा आहे हा," त्या म्हणाल्या. "बेटा, मशीन तर कधी ना कधी बंद पडणारच. पण गूंगी मशीन घरात नको. उद्या फ्रीगंजच्या बाजारात चल माझ्याबरोबर."

पहिल्या दुकानदाराने सगळ्यात जोरदार पंप पुढे केला. मावशींनी विचारलं, "भैया, बंद होगा तो बताएगा क्या?" तो म्हणाला, "मॅडम, बंद होगा ही नहीं." मावशी मला म्हणाल्या, "चल." दुसऱ्या दुकानात तेच, तिसऱ्यातही तेच. उन्हाने माझा जीव जात होता आणि या बाई चांगले चांगले पंप नाकारत सुटल्या होत्या. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्याने मात्र चष्मा वर सरकवला. "बंद तो होगा, बहनजी. हर चीज होती है. पर इसमें ये तीसरी वायर है. दो से बिजली जाती है, इससे खबर आती है कि घूम रहा है. खबर रुकी तो कंप्यूटर चिल्लाएगा और खुद बंद हो जाएगा." मावशींनी तोच पंप घेतला. जोर किती, हे विचारलंसुद्धा नाही.

घरी बसवल्यावर त्यांनी मला ती तिसरी तार उपटायला लावली. कॉम्प्युटर किंचाळला आणि बंद झाला. तेव्हा कुठे त्यांनी चहाचा कप उचलला. "वॉर्डात आमचं असंच होतं. मशीन पहले चिल्लाके दाखवेल, मग तिला पेशंट देणार," त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "आता तू इंदूरला जायचं नाव काढू नको. भिंतीपलीकडे कोणी असलं की बरं वाटतं." वेळापत्रक त्यांनी जाताना स्वतःच काढून नेलं.

तो पंप सहा वर्षं झाली, चालतोय; तिसऱ्या तारेने आणलेला फेऱ्यांचा आकडा पडद्यावर दिसत राहतो. आणि रोज आठ वाजता "कितना?" खरं तर विचारायची काही गरज नव्हती. पंप थांबला तर कॉम्प्युटरच ओरडणार होता, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांचा आवाज कठड्यापासून येईनासा झाला, आतून खुर्चीवरून यायला लागला. मला वाटलं, थंडी आहे. पुढे आठचे नऊ झाले. मला वाटलं, वय झालं. कपडे झटकल्याचा आवाज बंद झाला, तो तर माझ्या ध्यानातही आला नाही. मी काम करत होतो. माझा पंप उत्तम चालला होता.

फाल्गुनात त्या "आठ दिवस मुलीकडे जाऊन येते" म्हणाल्या. रिक्षात बसताना विचारलं, "कितना?" मी सांगितलं, "बाईस सौ." त्या म्हणाल्या, "बस, चलने दे."

महिन्याने मुलीचा फोन आला. मावशी गेल्या होत्या. आजार त्यांना दिवाळीपासून माहीत होता, आणि त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ती रडत म्हणाली, "इतनी बड़ी सिस्टर, और एक शब्द नाही बोलली." पण मावशी बोलल्या होत्या. रोज सकाळी बोलत होत्या, आवाज रोज थोडा खाली येत होता, आणि मी पलीकडून माझाच आकडा सांगत होतो.

अजूनही आठ वाजले की मी काम थांबवतो. त्यांच्या गॅलरीला कुलूप आहे, दोरीवर दोन चिमटे राहिले आहेत. त्यांची फार आठवण येते. आकडा आता मी सांगत नाही. सहा वर्षांत एकदाही जे विचारलं नाही ते त्या दोरीकडे बघत विचारतो, "मावशी, तुमचं कितना?"