दोन मापांचा जोड

समुद्रकाठी, योंग्दो बेटाच्या चढावर आमचं सार्वजनिक न्हाणीघर होतं. आत गरम हौदांपाशी बायकांच्या पाठी घासून द्यायचं काम माझं. दाराशी गल्ल्यावर बसून पैसे घ्यायचे, टॉवेल आणि कप्प्याची किल्ली द्यायची, हे काम ताक माल्सुकचं. ती माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. ती मला माझ्या मुलाच्या नावानं, दोंग्यूची आई म्हणून हाक मारायची.

माल्सुकताई मूळची मिर्यांगजवळच्या खेड्यातली. तिथं लहानपणी तिला पोलिओ झाला. ताप उतरला, पण उजवा पाय मागं पडला. तो बारीक राहिला, आखूड राहिला, आणि त्याचं पाऊलही धाकटं राहिलं. डाव्या पायाला दोनशे पंचेचाळीस मिलिमीटरचा बूट लागायचा, उजव्याला दोनशे वीसचा. तरुणपणी ती मोठ्या मापाचा जोड घेऊन उजव्या बुटात चिंध्या कोंबायची. एकदा जिन्यावरून पडून मनगट मोडलं, तेव्हापासून दोन वेगळ्या मापांचे दोन जोड घेऊन त्यातला एकेक बूट वापरायला लागली. एकच बूट दोन्ही मापांत मिळाला तर नशीब. बहुतेक वेळा एका पायात तपकिरी असायचा, दुसऱ्यात काळा. जमिनीला टेकणाऱ्या विजारी घालून ती ते झाकायची.

पण दारात बूट काढावेच लागतात, तिथं काय झाकणार? तिच्यासाठी एकदाच एक स्थळ आलं होतं. भेट नवऱ्यामुलाच्या मामाच्या घरी ठरली. मुलाची आई मागून आली आणि उंबऱ्यापाशी थबकली. सगळ्यांच्या बुटांच्या रांगेत हिचे दोन, एक लहान आणि एक मोठा. आत येऊन बाईनं चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि उठून गेली. हे मला ताईनंच सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

एका वसंतात एक कॉलेजातली पोरगी न्हायला आली. तिच्या बुटांचे तळवे हिरवे, बाजू जांभळ्या, आणि टाचेवर काहीतरी लिहिलेलं. माल्सुकताई गल्ल्यावरून वाकून बघायला लागली.

"काय गं, हे टाचेवर काय लिहिलंय?"

"माझ्या कुत्र्याचं नाव आहे, मावशी. मी स्वतः बनवलेत हे बूट."

"तू बनवलेस? चांभारकाम करतेस की काय?"

पोरगी इतकी हसली की तिच्या हातातली किल्ली पडली. मग तिनं फोनवर दाखवलं. एका कंपनीचं पान होतं. कोरा पांढरा बूट समोर यायचा. तळव्यावर बोट ठेवलं की रंगांची पेटी उघडायची, नाडीवर ठेवलं की नाड्यांची. बूट बोटानं फिरवून मागून-पुढून बघता यायचा.

त्या दिवसापासून ताईला दुसरं काही सुचेना. गिऱ्हाईक आलं की फोन पालथा घालायची, गेलं की उघडायची. पिकल्या संत्र्याच्या रंगाचा बूट, पांढरा तळवा, राखाडी नाडी. दुसऱ्या दिवशी नाडी बदलायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच. मी म्हणायचे, "ताई, अगं पोराचं नाव ठेवताना आम्ही एवढा विचार केला नव्हता." ती म्हणायची, "तुझं पोर तू पायात घालणार होतीस का?"

सगळं मनासारखं झाल्यावर शेवटी मापाचा चौकोन आला. एकच चौकोन. ताईनं कंपनीला फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"डावा दोनशे पंचेचाळीस आणि उजवा दोनशे वीस, असा जोड कराल का?"

पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "माफ करा हं, जोड एकाच मापाचा निघतो."

"पण तुमच्या पानावर लिहिलंय, हवा तसा बूट बनवा."

"हो, म्हणजे रंग हवे तसे. अक्षरंही हवी ती."

ताईनं फोन ठेवला. टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. मग म्हणाली, "दोन्ही मापांचे जोड मागवले, तर दोन बूट उरतात. डावा लहान आणि उजवा मोठा. असे पाय कुणाचे तरी असतीलच ना, दोंग्यूची आई?"

पोलिओ झालेल्या लोकांचा इंटरनेटवर एक गट होता. तिथं तिनं लिहिलं: माझा डावा दोनशे पंचेचाळीस, उजवा दोनशे वीस, याच्या बरोबर उलटे पाय कुणाचे आहेत का? उन्हाळा लागता लागता गुन्सानहून उत्तर आलं. बाईचं नाव मा ग्योंगनान. ताईहून वर्षानं मोठी, नवरा वारलेला, एक मुलगा. तिनं एवढंच लिहिलं होतं, "आहेत. माझे आहेत."

मग दोघींचे फोन सुरू झाले. मी ताईशेजारी डबा खायला बसायचे, म्हणून सगळं कानावर पडायचं.

"संत्र्याचा रंग? या वयात? लोक म्हणतील म्हातारी सर्कशीतून पळून आली," ग्योंगनान म्हणायची.

"मग काय, राखाडी घालू? राखेत जायला वेळ आहे अजून."

"निळा घे, समुद्राचा."

"समुद्र माझ्या दारात आहे. रोज बघते. पायात कशाला हवा?"

भांडून भांडून बूट संत्र्याच्या रंगाचा ठरला आणि नाडी समुद्राची. टाचेवर काही लिहू नये असं ताईचं मत. ग्योंगनान ऐकेना. "लिही, 'निघाले'."

"कोण वाचणार ते?"

"मागे राहतील ते वाचतील. जन्मभर सगळे माझ्यापुढे गेलेत. आता मागच्यांनी वाचावं."

दोन्ही जोड आले, तेव्हा ताईनं ते गल्ल्यावरच उघडले. आपले दोन ठेवून घेतले, ग्योंगनानचे दोन कागदात गुंडाळून त्याच दुपारी टपालानं तिच्या मुलाच्या घरच्या पत्त्यावर पाठवले. मग बूट घालून ती उभी राहिली. लंगडणं होतंच, ते कुठं जाणार? पण दोन्ही पायांत एकसारखे बूट होते. विजार घोट्यावर दुमडून ती उतारानं बाजारात गेली आणि मुळा घेऊन परत आली. मी विचारलं, "कुणी काही म्हणालं?" म्हणाली, "कुणी बघितलंसुद्धा नाही." एवढं सुख तिच्या चेहऱ्यावर मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिकडून ग्योंगनानचा फोन आला. ती म्हणे बंदरापर्यंत चालत जाऊन आली. मासळीवाल्या बायकांनी बुटांची चौकशी केली. पुढच्या आठवड्यात ती म्हणे टेकडीवरच्या बागेत गेली होती. ताई ऐकताना आपली पावलं हलवायची, जणू बरोबरीनं चालतेय. थंडीसाठी आतून लोकर लावलेला दुसरा जोड करायचा, असं ठरलं. रंगावरून पुन्हा वाद सुरू झाला.

पानगळीत फोन थांबले. ताई लावायची, पलीकडे नुसता वाजायचा. एकदा मुलानं उचलला. "आई आता बोलत नाही फारशी. बुटांचं वगैरे राहू द्या," म्हणाला. ताईनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हाताऱ्यांच्या एका शुश्रूषा-रुग्णालयाचं नाव सांगितलं.

न्हाणीघराच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी बसनं गुन्सानला गेलो. खोलीत सहा खाटा होत्या, सगळ्यांचे केस सारखेच आखूड कापलेले. खिडकीपाशी ग्योंगनान होती, उशीएवढी दिसणारी. शुश्रूषेच्या बाईनं ताईच्या पायांकडे बघितलं आणि ओरडली, "अगंबाई, आजींसारखेच बूट!" तिनं कपाटातून ते दोन बूट काढून दाखवले. तळवे पांढरेशुभ्र होते. जमीन लागलेलीच नव्हती त्यांना.

ग्योंगनाननं डोळे उघडले. "माल्सुक?"

"हो."

"न सांगता आलीस."

"फोन उचलत नव्हतीस." ताई खाटेच्या कडेवर बसली. "तू तर बंदरापर्यंत चालत गेली होतीस."

"चालता आलं असतं तर तिथंच गेले असते."

"केव्हापासून आहेस इथं?"

"तुझं ते लिहिलेलं वाचलं, तेव्हाही याच खाटेवर होते."

ताईचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं मान वळवली. "मग बूट कशाला हवे होते तुला? मला खोटं का सांगितलंस?"

"तू विचारलंस, उलटे पाय कुणाचे आहेत. माझे होते. म्हणून 'आहेत' म्हटलं. त्यात काय खोटं?" ग्योंगनान दम घ्यायला थांबली. "बंदराचं खोटं. ते तुला आवडायचं म्हणून सांगत गेले."

ताई उठली, पांघरुणाची कड वर केली आणि बूट हातात घेतला. ग्योंगनानचे पाय सुजून तकतकीत झाले होते. मोठा बूट मोठ्या पायात अर्धासुद्धा जाईना. लहान पायात लहान बूटही जाईना. ताईनं नाड्या पुऱ्या काढल्या, बुटाची जीभ बाहेर ओढली, पुन्हा प्रयत्न केला. ग्योंगनान म्हणाली, "राहू दे, दुखतं." मग बूट कपाटात गेले. आम्ही आणलेली संत्री शुश्रूषेच्या बाईनं सोलून सगळ्यांना वाटली. ग्योंगनाननं एक फोड तोंडात धरली, ती गिळली नाही.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "मला वाटायचं, माझ्यासारखं कुणीतरी तिकडं चालतंय. मी चढ चढायचे तेव्हा वाटायचं, तीही चढत असेल." मी तिच्या मांडीवर शाल टाकली.

नव्या चांद्रवर्षाच्या आधी ग्योंगनान गेली. मुलानं दोन ओळींचा निरोप पाठवला आणि त्या बुटांचं काय करायचं, असं विचारलं. ताईनं लिहिलं, जाळून टाका.

त्याच हिवाळ्यात तिचा चांगला पाय दगा द्यायला लागला. डॉक्टर म्हणाले, जुन्या पोलिओचं असंच असतं, म्हातारपणी जोर ओसरतो आणि मग परत येत नाही. सगळा भार एकाच पायावर पडल्यानं डाव्या बुटाचा तळवा एका बाजूनं पार झिजला होता. नव्या जोडासाठी तिनं गटावर पुन्हा एकदा लिहून बघितलं. एकानं काठी विकायचं विचारलं. इल्सानच्या एका माणसाचे पाय खरोखर उलटे निघाले, पण त्याचा मोठा पाय दोनशे ऐंशीचा. "यात तर मी झोपेन," ताई म्हणाली, आणि तिचं हसू मध्येच तुटलं. नंतर कंपनीचं ते रंगांचं पानही बंद झालं.

बॉयलरचा खर्च झेपेना म्हणून मालकानं न्हाणीघरही बंद केलं. माल्सुकताई आता चढावरच्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला, एका खोलीत असते. खाली उतरणं जमत नाही. आठवड्यातून दोनदा मी सूप घेऊन जाते. डावा बूट तिनं फेकून दिला, आणि एकटा उजवा काय कामाचा म्हणून तोही.

परवा मी गेले तर ती फोनवर काहीतरी खोडत बसली होती. गटावर लिहिलेलं ते सगळं काढून टाकत होती.

"कशाला गं काढतेस? असू दे. कुणी भेटेलसुद्धा."

"भेटायला नकोच आता. तिकडं कुणीतरी वाचेल, आपले पाय जुळतात म्हणून फोन करेल. मग मी त्याला काय सांगू? बंदरापर्यंत जाऊन आले म्हणून?"

तिनं शेवटची ओळ खोडली, फोन पालथा घातला आणि चमचा उचलला. एक घोट घेऊन म्हणाली, "अळणी झालंय." मी मीठ आणायला उठले.